ट्रकवरून हमाल पडला तर भरपाई कोण देणार?

समजा, परळी वैजनाथच्या मोंढ्यात सकाळी सात वाजता खताची गाडी लागली आहे. दहा टन माल, म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती. चार हमालांची टोळी, दोघं हौद्यात आणि दोघं खाली. पहिली शंभर पोती पटापट उतरतात. मग थप्पी खाली जाते, पाय ठेवायची जागा दर पाच मिनिटांनी बदलते. फाळक्याच्या कडेला उभा असलेला माणूस पोतं ओढता ओढता एक पाऊल मागं टाकतो, आणि मागं काहीच नसतं.

पुढची दोन मिनिटं सगळीकडे सारखीच असतात. कोणी पाणी आणतं, कोणी रिक्षाला हाक मारतं. आणि कोणीतरी म्हणतंच, "पाय घसरला त्याचा."

ऐकायला साधं वाक्य आहे. पण पुढचे सहा महिने त्या घरात चूल कशी पेटणार, हे बऱ्याचदा या वाक्यावरच ठरून जातं. कारण त्याचा अर्थ असा घेतला जातो की चूक त्याची, नशीब त्याचं आणि खर्चही त्याचाच.

दुकानदार म्हणतो, हमाल माझा नोकर नाही, टोळीचा आहे. टोळीचा मुकादम म्हणतो, मीही हमालच आहे. ट्रकचालक म्हणतो, माझं काम माल पोहोचवायचं. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, गाडी भाड्याची होती. आणि ज्या कंपनीचा माल आहे ती शेकडो किलोमीटर लांब असते, तिला तर पत्ताही नसतो. मग पडलेला माणूस नेमका कोणाचा?

गंमत म्हणजे कायद्याने या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. एकदा नाही, दोनदा दिलंय. तरीही ते पडलेल्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, हे जरा उलगडून पाहू.

परळीच का?

परळी म्हटलं की बाहेरच्या माणसाला वैद्यनाथाचं मंदिर आठवतं, नाहीतर राजकारण. पण या गावाचं रोजचं जगणं वजनावर चालतं. १९७१ पासून इथे औष्णिक वीज केंद्र आहे. जुने संच कधीच बंद झाले, आता २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यासाठी रेल्वेने कोळसा येतो आणि राख ट्रकमधून बाहेर जाते. परळी रेल्वेचं जंक्शन आहे, एक फाटा परभणीकडे आणि दुसरा लातूर रोडकडे. मोंढ्यात सोयाबीन, तूर, हरभरा येतो. आणि श्रावणात, महाशिवरात्रीला मंदिराभोवतीची बाजारपेठ फुगते तेव्हा दुकानांपुढे पार्सलच्या गाड्या रोज उभ्या राहतात.

वीज केंद्रात कोळसा उतरवायला यंत्रं आहेत. पण खत, सिमेंट, फरशी, पत्रे, तेलाचे डबे, साखरेची पोती यांची गाडी अजूनही माणसाच्या पाठीवरच रिकामी होते. राखेचा हायवा भरतो यंत्राने, पण वर चढून ताडपत्री ओढायला माणूसच लागतो. पडण्याच्या बाबतीत ताडपत्री हा मोठा खलनायक आहे. दोर ओढताना सगळं वजन मागे गेलेलं असतं, आणि दोर तुटला किंवा गाठ सुटली की माणूस पाठीवर पडतो.

आणखी एक गोष्ट. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात जाणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारा माणूस उरलेले महिने गावात मिळेल ते काम करतो. हमाली हे त्यातलं हाताशी असलेलं काम. तिकडे डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं आणि इकडे पोतं घेऊन ट्रकवरून उतरायचं. बायकाही ती फळी चढतात. वर्षाचे बाराही महिने त्याच उंचीशी गाठ.

चार फुटांवरून पडून असं काय होतं?

हा प्रश्न हमखास येतो. ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण चार फूट उंच असतो. चार फूट म्हणजे काय, लहान पोरंही कट्ट्यावरून उड्या मारतात!

हिशोब करू. चार फुटांवरून पडणारा माणूस अर्ध्या सेकंदात जमिनीवर असतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी साधारण १७ किलोमीटर झालेला असतो. भरलेल्या गाडीच्या वरच्या थरावरून, म्हणजे दहा फुटांवरून, हाच वेग २८ च्या आसपास जातो. उडी मारणाऱ्या पोराला आपण उडी मारतोय हे माहीत असतं, तो गुडघे वाकवतो. हमालाला ते अर्ध्या सेकंदात कळायचं असतं, तेही दोन्ही हात पोत्यात अडकलेले असताना. अनेकदा पोतं त्याच्यामागोमाग अंगावरच येतं.

डोक्यावर किंवा पाठीवर पन्नास किलो असलेल्या माणसाचा तोल वर सरकलेला असतो. त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. सिमेंटची भुकटी, खताचे दाणे, सांडलेलं तेल, पहाटेचं दव यांनी हौद्याचा पत्रा निसरडा झालेला असतो. पायात बहुतेक वेळा चप्पल, नाहीतर तीही नाही. उतरायची पायरी म्हणजे टायर किंवा फाळक्याची कडी. फळी लावली असेल तर ती दगडावर टेकवलेली. आणि चालकाला घाई. आपल्याकडे "जरा पुढं घे रे" म्हणताना हौद्यात माणूस उभा आहे हे कोणाच्या डोक्यात नसतं. गाडी एक फूट हलली तरी आतला माणूस पडतो.

पायावर पडला तर टाचेचं हाड आणि कंबरेचे मणके, हात टेकला तर मनगट, पाठीवर पडला तर डोकं. यातल्या टाचेकडे लोक फार दुर्लक्ष करतात. प्लास्टर निघतं, माणूस चालायला लागतो, सगळे म्हणतात बरा झाला. पण टाच नीट जुळली नाही तर चालता येतं आणि पन्नास किलो घेऊन चालता येत नाही. हमालासाठी या दोन गोष्टींत सगळ्या कमाईचं अंतर आहे.

वजनाबद्दलही एक नोंद. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये. आपल्याकडे तेव्हा आणि नंतरही बराच काळ १०० किलोची पोती होती. ती पन्नासावर यावीत म्हणून हमालांच्या संघटनांना, पुण्याच्या हमाल पंचायतीला आणि बाबा आढावांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० वरून ४५ किलोची झाली. पण ती हमालाच्या पाठीसाठी झाली नव्हती. शेतकऱ्यांनी युरिया कमी वापरावा म्हणून सरकारने गोणी लहान केली. पाठीला पाच किलोचा आराम मिळाला तो असा चुकून.

ट्रकवरून पडणं हा काही फक्त आपलाच प्रश्न नाही. जपानसारख्या देशातही माल चढवता-उतरवता होणाऱ्या अपघातांनी सरकारला हैराण केलं. तिथे पूर्वी पाच टन आणि त्यावरच्या ट्रकलाच चढण्या-उतरण्याची पायरी किंवा शिडी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही मर्यादा दोन टनांवर आणली, आणि हेल्मेटच्या सक्तीतही आणखी गाड्या आल्या. मागच्या बाजूला माल खालीवर करणारा यांत्रिक फाळका असेल तर तो चालवणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं झालं, ते फेब्रुवारी २०२४ पासून. दोन टन म्हणजे आपल्याकडच्या किराणा दुकानापुढे उभा राहणारा टेम्पो. त्या टेम्पोला लोखंडी पायरी लावायला किती खर्च येईल, हे परळीतला कुठलाही वेल्डर उभ्या उभ्या सांगेल.

ज्याचा माल, त्याचा हमाल?

हायवेवर ट्रकच्या मागे किंवा ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या भिंतीवर तुम्ही हे वाक्य वाचलं असेल: "ज्याचा माल त्याचा हमाल". ही ट्रकमालकांच्या संघटनांची मोहीम आहे. त्यांची तक्रार अशी की माल उतरवायची मजुरी, म्हणजे वाराई, ट्रकवाल्याच्या भाड्यातून कापली जाते. माल व्यापाऱ्याचा, मग हमालीचा भुर्दंड आम्हाला का?

त्यांचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो रास्त आहे. पण हेच वाक्य अपघाताच्या दिवशीही लावून पाहा. ज्याचा माल त्याचा हमाल, तर मग पडलेला हमालही त्याचाच ना? मजुरीवरून भांडताना दोन्ही बाजूंना हमाल दुसऱ्याचा वाटतो आणि तो पडल्यावर तर कोणाचाच राहत नाही.

ही अडचण आजची नाही. मुंबईच्या बाजारपेठांत साताऱ्याकडून आलेले हजारो लोक माथ्यावर ओझी वाहायचे. माथाडी हा शब्द त्या माथ्यावरूनच आला. सकाळी एका पेढीचं काम, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मालक एक नाही म्हणून हजेरीपुस्तक नाही, आणि हजेरी नाही म्हणून कुठलाच कामगार कायदा लागू होत नव्हता. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी साठच्या दशकात या लोकांची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

कायद्याने एक हुशारी केली. मालक कोण हे शोधण्याच्या भानगडीतच न पडता मध्ये एक मंडळ उभं केलं. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करणार आणि टोळीही नोंदणी करणार. व्यापाऱ्याने मजुरी थेट हातात न देता मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, उपचार यांची सोय करणार. काम करताना अपघात झाला तर भरपाईचा कायदा नोंदीत हमालालाही लागू होईल, असं या कायद्यातच लिहून ठेवलं. दाणाबाजार, किराणा, लोखंड बाजार, रेल्वेचे मालधक्के, बाजार समित्या अशी कामांची यादी कायद्याला जोडलेली आहे. परळीचा मोंढा असो की मालधक्का, काम यादीतलंच आहे.

मग अडलं कुठे? नोंदणीत. मुंबई आणि नवी मुंबईच्या बाजारांत ही व्यवस्था रुजली. लहान गावात ती विरत जाते. मोंढ्यातल्या हमालाकडे बाजार समितीचा परवाना असतो आणि त्याला वाटतं आपण नोंदीत आहोत. पण बाजार समितीचा परवाना वेगळा आणि माथाडी मंडळाची नोंदणी वेगळी. परवान्यामुळे मोंढ्यात काम करता येतं. अपघाताची भरपाई परवान्यातून येत नाही. आणि मोंढ्याच्या बाहेर, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानापुढे, बांधकामाच्या जागी किंवा ऑनलाइन मागवलेल्या मालाच्या गोदामात, हा परवानाही नसतो.

व्यापारी आणि उद्योजकांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं, माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी टोळ्या काम न करता पैसे उकळतात आणि बाहेरच्या माणसाला गाडीला हात लावू देत नाहीत. असे प्रकार घडलेत, सरकारनेही त्यावर कारवाईची भाषा वारंवार केली आहे. पण खंडणीखोराला धरायचं तर पोलीस आहेत. त्या नावाखाली खऱ्या हमालाची नोंदणी टाळणं म्हणजे लेव्ही वाचवणं, एवढंच.

नोंदणी नसेल तर सगळं संपलं का?

नाही. इथे दुसरा कायदा येतो. कामगार भरपाईचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९२३ चा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. ही संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून बाकीच्या तीन कामगार संहितांसह ती लागू झाली. माथाडी कायदा राज्याचा आहे, या संहितांनी तो रद्द केलेला नाही. आणि भरपाईची जुनी चौकट संहितेतही बरीचशी तशीच आहे.

त्यातली पहिली गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी. "पाय घसरला त्याचा" हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरेसं आहे. मालकाची चूक दाखवावी लागत नाही आणि कामगाराचा निष्काळजीपणा काढून भरपाई नाकारता येत नाही. अपवाद तीनच: दारू किंवा नशा, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. त्यातही मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही चालत नाहीत. आणि जिथे साधनच दिलेलं नाही, तिथे ते काढून टाकलं असं म्हणणार तरी कसं?

दुसरी गोष्ट मालक कोण या प्रश्नाची. धंदा ज्याचा, त्याने आपल्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तर कामगार भरपाई थेट त्या मूळ मालकाकडे मागू शकतो. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं आपसात. म्हणजे "टोळीला ठेका दिला होता, मला काय विचारता" हे उत्तर कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढलंय. पूर्वी रोजंदारीवर तात्पुरत्या आलेल्या माणसाला काही वेळा या कायद्याबाहेर ठेवता यायचं. २००० मधल्या दुरुस्तीने ती पळवाटही बुजवली.

आता आकडे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच गुणांक. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने या हिशोबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये केली. चाळिशीच्या माणसाचा गुणांक १८४.१७ आहे. त्या हिशोबाने मृत्यूला १३ लाख ८१ हजार २७५ रुपये आणि संपूर्ण अपंगत्वाला १६ लाख ५७ हजार ५३० रुपये होतात. हाड मोडून काही महिने घरी बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. म्हणजे १५,००० वाल्याला महिन्याला साडेसात हजार, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर जुन्या कायद्यात व्याज १२ टक्के होतं आणि वर दंडाची तरतूद. दाव्याची मुदत साधारणपणे अपघातापासून दोन वर्षं.

मोंढ्यात पडलेल्या माणसाला समजूत म्हणून हातावर टेकवलेले दहा-वीस हजार आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहा.

भांडण होतं ते टक्क्यांवर. टाच मोडली, मणका दबला, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली? डॉक्टरने ३० टक्के लिहिलं तर वरच्या हिशोबाने साडेसोळा लाखांचे पाच लाख होतात. इथे सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ चा एक जुना निकाल कामी येतो. एक सुतार चित्रपटगृहात नक्षीकाम करताना वरून पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, कायद्याच्या तक्त्याप्रमाणे एक हात गेला तर अपंगत्व काही शंभर टक्के होत नाही. न्यायालय म्हणालं, सुतारकी एका हाताने होत नाही. तो अपघाताआधी जे काम करत होता ते आता करूच शकत नाही, म्हणून अपंगत्व संपूर्ण. प्रश्न हाताचा नव्हता, धंद्याचा होता. ज्याची टाच पन्नास किलो पेलू शकत नाही असा हमाल हाच युक्तिवाद करू शकतो. त्यासाठी डॉक्टरच्या कागदावर त्याचा धंदा लिहिलेला हवा.

आणि ते कार्ड? तो विमा?

सोशल मीडियावर फिरणारा एक गैरसमज इथेच मिटवू. "ई-श्रम कार्ड आहे म्हणजे अपघाताचे दोन लाख मिळतात." ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हा नोंदणीसोबत अपघात विम्याचं आकर्षण होतं, पण ती सोय मर्यादित काळापुरती होती. आज नुसतं कार्ड खिशात आहे म्हणून दोन लाख येत नाहीत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वेगळी आहे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, मृत्यूला किंवा संपूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात. पण हाड मोडलं म्हणून तिच्यातून काही येत नाही. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख. वीस रुपयांत वाईट नाही, फक्त ती कुठे उपयोगी पडते हे माहीत असावं.

ट्रकच्या विम्याचंही पाहावं. काही पॉलिसींमध्ये चालक-क्लीनरबरोबर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी वेगळा प्रीमियम भरलेला असतो. तो आहे की नाही हे गाडीचे कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. "गाडी तर उभी होती, मग वाहन अपघात कसा?" असंही विचारलं जातं. सातारा जिल्ह्यात १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर एक पेट्रोल टँकर उलटला आणि काही तासांनी पेटला. उभ्या, किंबहुना आडव्या पडलेल्या गाडीचाही "वापर" होत असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात १९९१ मध्ये म्हटलं. म्हणजे या वाटेलाही दार आहे, पण ते वकिलाला विचारूनच उघडायचं.

खरी गोष्ट दवाखान्यात ठरते

इतके कायदे, इतके आकडे. तरी पैसे का मिळत नाहीत? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण न्यायालयात नाही. ते अपघातानंतरच्या पहिल्या तासात आहे.

परळीत जबर मार लागला की अनेकदा रुग्णाला अंबाजोगाईला हलवतात. पंचवीस-एक किलोमीटरवर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या अपघात विभागात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कसं लागलं?" तोपर्यंत वाटेत कोणीतरी सांगितलेलं असतं की पोलीस केस कशाला, शेठ बघून घेतील, घरी पडला म्हणून सांग. सोबतचा माणूस तसंच सांगतो. डॉक्टर तसंच लिहितात. "घरी पडून दुखापत." तीन शब्द, आणि कामावरचा अपघात कागदावरून गायब.

यात सगळेच लबाड असतात असं नाही. टोळीतल्या मित्राला भीती असते की केस झाली तर उद्या दुकानाचं काम जाईल. घरच्यांना वाटतं शेठला दुखावलं तर आहे तेही मिळणार नाही. शेठलाही मदत करायची असते, दवाखान्याचं पहिलं बिल तो बऱ्याचदा भरतोही. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा मात्र फोन उचलला जात नाही. आणि मग दावा करायचा म्हटलं तर स्वतःचाच पहिला कागद विरोधात उभा असतो.

देशाच्या आकडेवारीतही हा माणूस सापडत नाही तो असाच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो, त्यात पडून मेलेल्यांची नोंद असते. पण टाच मोडून जिवंत राहिलेला हमाल त्यात नसतो. कारखान्यांतल्या अपघातांची नोंद कारखाना निरीक्षकांकडे जाते, पण दुकानापुढचा रस्ता म्हणजे कारखाना नव्हे. सुरक्षेची नवी संहिताही सर्वसाधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. मोंढ्यातल्या पेढीवर दिवाणजी धरून चार माणसं.

म्हणून तुमच्या ओळखीतलं कोणी असं पडलं, तर डॉक्टरला खरं सांगा. तारीख, वेळ, कुठल्या दुकानाचा माल उतरवताना, किती उंचीवरून, आणि धंदा हमाली. हे केसपेपरवर येऊ द्या आणि डिस्चार्जच्या कागदावर तेच आहे का ते वाचा. कामावरचा अपघात म्हणून पोलिसांना कळवलं जातं, त्याला घाबरण्यासारखं काही नाही. जबाब दिला म्हणजे कोणी लगेच तुरुंगात जात नाही. शेठला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. पंधरा दिवसांची हमालीची चिठ्ठी, वहीतली नोंद, फोनपेवर आलेले पैसे, हे सगळं वेतनाचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतं.

आणि एक कागद बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ट्रकवाल्याकडे मालाची बिल्टी असते. तिच्यावर माल पाठवणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं नाव असतं, ट्रान्सपोर्टचं नाव, गाडीचा नंबर, नग किती आणि वजन किती तेही असतं. "हमाल कोणाचा" यावर सगळे हात वर करत असतात तेव्हा माल कोणाचा हे त्या पातळ कागदावर स्वच्छ लिहिलेलं असतं. मोबाईलवर तिचा एक फोटो काढायला दहा सेकंद लागतात. फक्त तो गाडी रिकामी व्हायच्या आत काढावा लागतो. उरलेली शंभर पोती दुसरे तिघं मिळून दुपारपर्यंत उतरवतात, फाळका वर होतो, आणि गाडी बिल्टीसकट लातूरच्या रस्त्याला लागते.